गुलाल उधळला, पण पोहोच कुठाय?

गेल्या अंकात एका वाचकाला उत्तर देताना मी जाता जाता एक वाक्य लिहून बसलो. ‘पोटनिवडणुकीत निवडून आलेला माणूस शपथेच्या आधीच आमदार झालेला असतो.’ त्या एका वाक्यावर इतकी पत्रं आली की या वेळी शेतसारा, वारसनोंद आणि सातबाऱ्यावरच्या चुका बाजूला ठेवतो. तहसील कचेरीत ३१ वर्षं काढली, त्यातली शेवटची ११ निवडणूक शाखेत. अव्वल कारकून म्हणून त्या शाखेत शिरलो आणि निवडणूक नायब तहसीलदार म्हणून बाहेर पडलो. तेव्हा हा विषय माझा आहे, एवढी फुशारकी मारू द्या.

प्रश्न : आमच्या घरात तुमच्या त्या वाक्यावरून वाद पेटला आहे. २ मार्च २०२३ ला कसब्याचा निकाल लागला तेव्हा आम्ही गॅलरीतून मिरवणूक पाहिली. मी म्हणते, त्याच दिवशी रवींद्र धंगेकर आमदार झाले. मुलगा म्हणतो, विधानसभेत शपथ घेईपर्यंत माणूस फक्त ‘विजयी उमेदवार’. कोण बरोबर? (निवृत्त शिक्षिका, कसबा पेठ, पुणे)

उत्तर : बाई, तुम्ही बरोबर. पण मुलाच्या पदरातही अर्धा गुण टाका, तो का ते सांगतो.

मुक्ता टिळक यांच्या निधनानंतर कसब्याची जागा रिकामी झाली, २६ फेब्रुवारीला मतदान झालं आणि २ मार्चला मोजणी. टीव्हीवर सकाळपासून ‘आघाडी’, ‘निर्णायक आघाडी’, ‘विजय निश्चित’ चाललेलं असतं. त्यातल्या एकाही पट्टीनं कुणी आमदार होत नाही. मोजणीच्या हॉलमध्ये शेवटची फेरी संपते, टपाली मतं आणि यंत्रातली मतं एकत्र येतात, चिठ्ठ्या उचलून निवडलेल्या ५ केंद्रांवरच्या व्हीव्हीपॅट चिठ्ठ्या (मत कुणाला गेलं ते छापणाऱ्या यंत्रातल्या) मोजून यंत्राशी ताडल्या जातात. मग फॉर्म २० नावाचं अंतिम निकालपत्रक तयार होतं. निरीक्षकांची हरकत नसल्याची खात्री झाली की निवडणूक निर्णय अधिकारी त्यावर सही करतात आणि मग निकाल जाहीर करतात. हा अधिकारी म्हणजे विधानसभेला बहुधा आमचे प्रांतसाहेब. लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ चं कलम ६६ म्हणतं ते ‘घोषित करणं’ ते हेच. आणि कलम ६७-अ सांगतं की ज्या दिवशी ही घोषणा झाली तीच त्या माणसाच्या निवडणुकीची तारीख. मतदानाची नाही, राजपत्राची नाही, शपथेचीही नाही.

सार्वत्रिक निवडणुकीत याच्यावर आणखी एक पायरी असते. सगळे निकाल आले की निवडणूक आयोग कलम ७३ खाली एक अधिसूचना काढतो आणि तिच्यामुळे नवी विधानसभा रीतसर अस्तित्वात येते. पोटनिवडणुकीत सभागृह आधीच बसलेलं असतं, एक खुर्ची तेवढी रिकामी. म्हणून ती पायरी लागत नाही. निर्णय अधिकाऱ्याचा अहवाल आयोगाकडे, राज्य सरकारकडे आणि विधानमंडळाच्या सचिवांकडे जातो, सरकार घोषणा राजपत्रात छापतं, संपलं.

आता मुलाचा अर्धा गुण. संविधानाचा अनुच्छेद १८८ सांगतो की जागेवर बसण्याआधी सदस्यानं शपथ घेतली पाहिजे. न घेताच सभागृहात जाऊन बसला किंवा मत दिलं तर अनुच्छेद १९३ प्रमाणे दिवसाला ५०० रुपये दंड. संविधान लागू झालं तेव्हा ५०० रुपयांत सोन्याचे दागिने यायचे. आज आमदारांच्या गाडीच्या डिझेलला तेवढे पुरत नाहीत, पण आकडा तोच राहिला आहे. म्हणजे शपथेआधी तो आमदार असतो, पण सभागृहातली जागा त्याला अजून मोकळी झालेली नसते. लग्न लागलंय, गृहप्रवेश व्हायचाय, असं समजा.

हा नुसता शब्दच्छल नाही. चार दशकांपूर्वी उत्तर प्रदेशातून हा वाद थेट सर्वोच्च न्यायालयात गेला होता. राज्यसभेच्या निवडणुकीत एका उमेदवाराचं नाव सुचवणाऱ्या आमदारानं तोवर शपथ घेतलेली नव्हती. न्यायालयानं सांगितलं की तो सदस्य झालेला आहे आणि नाव सुचवू शकतो. सभागृहाच्या कामकाजात बसणं वेगळं आणि सदस्य असणं वेगळं. लोकसभेतही हेच. नांदेडचे रवींद्र चव्हाण २३ नोव्हेंबर २०२४ ला पोटनिवडणुकीत निवडून आले आणि २८ नोव्हेंबरला त्यांनी शपथ घेतली, त्याच दिवशी वायनाडहून आलेल्या प्रियंका गांधी यांनीही. मधले ५ दिवस नांदेडला खासदार नव्हता, असं म्हणता येणार नाही.

आणखी एक गंमत मुलाला सांगा. उमेदवारानं एक शपथ आधीच घेतलेली असते, अर्ज भरताना, आमच्या समोर. ती घ्यायची राहिली तर छाननीत अर्ज उडतो. मी पाहिलंय, पाच-पन्नास गाड्या घेऊन अर्ज भरायला आलेला माणूस शपथ न घेताच निघाला होता. शिपाई जिन्यावरून हाका मारत मागे धावला.

प्रश्न : निकालाच्या दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो असतो, विजयी उमेदवार एक कागद धरून उभे आणि शेजारी अधिकारी. तो कागद काय असतो? हरवला तर आमदारकी जाते का? (किराणा दुकानदार, बार्शी)

उत्तर : तो फॉर्म २२, निवडणूक प्रमाणपत्र. एका पानाचा साधा मजकूर. मी अमुक मतदारसंघाचा निवडणूक निर्णय अधिकारी प्रमाणित करतो की अमुक तारखेला मी अमुक पक्षानं पुरस्कृत केलेल्या अमुक यांना रीतसर निवडून आल्याचं घोषित केलं आहे आणि त्याची खूण म्हणून हे प्रमाणपत्र देत आहे. खाली सही, शिक्का. ‘त्याची खूण म्हणून’ हे शब्द नीट वाचा. आमदारकी घोषणेनं मिळते, कागद तिची खूण. मंगळसूत्र हरवलं म्हणून लग्न मोडत नाही. तरी शपथेला जाताना ही खूण जवळ लागते, म्हणून शहाणे लोक लगेच चार झेरॉक्स काढून ठेवतात.

हा कागद देताना एक दुसरा कागद घ्यायचा असतो आणि त्यावरूनच माझी फजिती झाली होती. निवडणूक संचालन नियमांतला नियम ६६ (वरचं कलम ६६ वेगळं) म्हणतो, प्रमाणपत्र दिलं की उमेदवाराच्या सहीची पोहोच घ्यावी आणि ती लगेच रजिस्टर पोस्टानं विधानसभेच्या सचिवांकडे पाठवावी.

सतरा-अठरा वर्षांपूर्वीची पोटनिवडणूक. मतदारसंघ सांगत नाही, माणसं अजून आहेत. निवडणूक शाखेत मी तेव्हा नवाच. आदल्या रात्री फॉर्मचे गठ्ठे लावताना पहिली चूक झाली. मागच्या सार्वत्रिक निवडणुकीतले उरलेले फॉर्म २१-सी घेऊन बसलो. निकालाच्या घोषणेसाठी सार्वत्रिक निवडणुकीला २१-सी आणि पोटनिवडणुकीला २१-डी. दिसायला सख्खे भाऊ. रात्री ११ वाजता एका जुन्या नाझरनं, तंबाखू मळता मळता, नुसती मान वाकडी करून पाहिलं आणि म्हणाला, ‘अहो, सीट एकच भरायचीय ना? मग डी.’ त्या माणसाचे उपकार मी अजून फेडलेले नाहीत.

दुसऱ्या दिवशी दुपारी पावणेचारला साहेबांनी निकाल जाहीर केला. घोषणापत्रावर सही झाली, प्रमाणपत्रावर सही झाली, शिक्का मी मारला. उमेदवार आत आले, हार घातलेले. साहेबांनी प्रमाणपत्र त्यांच्या हातात दिलं, फोटोवाल्यांनी ‘साहेब इकडे, साहेब इकडे’ सुरू केलं, आणि एवढ्यात त्यांच्या चार पोरांनी त्यांना खांद्यावर उचललं आणि दारातून बाहेर काढलं. बाहेर हलगी सुरू झालेलीच होती. हॉल रिकामा झाला. साहेबांनी चष्मा काढला, डोळे चोळले आणि मला एकच शब्द विचारला.

‘पोहोच?’

पोहोच माझ्या शर्टाच्या खिशात होती. कोरी.

शिपायाची राजदूत घेतली आणि निघालो. मिरवणूक मारुतीच्या देवळापाशी गाठली. उमेदवार उघड्या जीपमध्ये उभे. छातीवर निवडणूक कामाचा बिल्ला लावलेला मी त्या गर्दीत शिरतोय म्हटल्यावर लोकांना वाटलं, हाही आपलाच. दोघांनी ओढून घेतलं, एकानं तोंडाला गुलाल फासला, एकानं फेटा घालायला घेतला. सरकारी माणूस विजयी मिरवणुकीत नाचतोय, असा फोटो उद्या छापून आला तर नोकरी गेली, एवढंच डोक्यात. मी ओरडत होतो, ‘पोहोच, पोहोच!’ आणि भोवतालचे लोक ते घोषणा समजून पाठोपाठ ओरडायला लागले.

शेवटी आमदारांनीच पाहिलं. जीप थांबवली, बॉनेटवर कागद ठेवला, माझ्याच पेनानं सही केली. सही ओली होती आणि वरून कुणीतरी मूठभर गुलाल उधळला. तो नेमका सहीवर बसला. मी फुंकर मारली तशी तो आणखी पसरला.

कचेरीत परत आलो तेव्हा साहेबांनी आधी माझ्या तोंडाकडे पाहिलं, मग कागदाकडे. मी विचारलं, ‘दुसरी घेऊन येऊ का साहेब?’ ते म्हणाले, ‘सही खरी आहे ना? मग जावक घाला.’ जावक रजिस्टरला क्रमांक टाकला आणि ती गुलाबी पोहोच रजिस्टरनं मुंबईला गेली. विधानभवनात ज्यानं पाकीट फोडलं असेल त्याच्या टेबलावर थोडा गुलाल सांडला असणार.

तेव्हापासून माझा नियम ठरला. आधी पोहोचेवर सही, मग प्रमाणपत्र. साहेब कागद पुढे करायला लागले की मी मध्ये पेन धरायचो. नंतरच्या दोन साहेबांना ते उद्धटपणाचं वाटलं. वाटू दे.

प्रश्न : सांगोल्याच्या कट्ट्यावर पैज लागली आहे. पोटनिवडणुकीतल्या आमदाराला ५ वर्षं मिळतात का? (सही नाही)

उत्तर : नाही. आधीच्या सदस्याची उरलेली मुदत तेवढी मिळते. धंगेकरांना मार्च २०२३ पासून विधानसभेची मुदत संपेपर्यंत, म्हणजे नोव्हेंबर २०२४ पर्यंतची मिळाली. नंतरच्या सार्वत्रिक निवडणुकीत कसब्यातून हेमंत रासने निवडून आले, ज्यांना त्यांनी पोटनिवडणुकीत हरवलं होतं. पैजेतले पैसे चहाला घाला.

प्रश्न : नांदेड लोकसभेला २०२४ मध्ये १,४५७ मतांचा फरक पडला. इतक्या कमी फरकात हरणाऱ्यानं ‘पुन्हा मोजा’ म्हटलं तर मोजावंच लागतं का? आणि एकदा जाहीर केलेला निकाल साहेब मागे घेऊ शकतात का? (वकिलीचा विद्यार्थी, नांदेड)

उत्तर : वसंतराव चव्हाण यांच्या निधनानं ती जागा रिकामी झाली होती. रवींद्र चव्हाण यांना ५,८६,७८८ मतं आणि संतुक हंबर्डे यांना ५,८५,३३१. दोघांच्या मिळून जवळजवळ पावणेबारा लाख मतांत १,४५७ म्हणजे एका मोठ्या गावाचं मतदान.

फेरमोजणी हा हक्क नाही, मागणी आहे. ती लेखी करावी लागते, कारण द्यावं लागतं आणि अधिकारी ती पूर्ण मान्य करतो, थोडी मान्य करतो किंवा नाकारतो. नुसतं ‘फरक कमी आहे’ हे कारण टिकत नाही. टपाली मतांचं मात्र वेगळं. बाद ठरवलेल्या टपाली मतांचा आकडा विजयाच्या फरकापेक्षा मोठा असेल तर निकालाआधी ती बाद मतं पुन्हा तपासावीच लागतात, असा आयोगाचा दंडक आहे.

वेळ कुठली, हे सगळ्यात महत्त्वाचं. बेरीज वाचून दाखवल्यानंतर आणि फॉर्म २० वर सही होण्याआधी एक छोटा अवकाश असतो. नियम ६३ म्हणतो की हजर असलेल्या उमेदवारांना आणि प्रतिनिधींना वाजवी संधी दिल्याशिवाय अधिकाऱ्यानं पुढे जाऊ नये. माझ्या एका साहेबांची पद्धत छान होती. ते बेरीज वाचायचे, पेन टेबलावर आडवं ठेवायचे, हॉलकडे बघून मोठ्यानं विचारायचे, ‘कुणाचा अर्ज आहे का?’ आणि घड्याळ बघत बसायचे. त्या दोन-चार मिनिटांत हरलेल्या बाजूच्या प्रतिनिधीची जी धावपळ मी पाहिली आहे! कुणाकडे कोरा कागद नाही, कुणाकडे पेन नाही, कारण पेन दारावरच काढून घेतलेलं. एकदा एकानं माझ्याकडेच कागद मागितला. मी दिला. तो अर्ज नामंजूर झाला ही गोष्ट वेगळी, पण मागणाऱ्याला कागद मिळालाच पाहिजे.

सही झाली की दार बंद. साहेब, जिल्हाधिकारी, मंत्री, कुणीही घोषणा मागे घेऊ शकत नाही. नंतर चूक सापडली तरी ती हॉलमध्ये दुरुस्त होत नाही. मग एकच रस्ता, उच्च न्यायालयात निवडणूक याचिका, तीही घोषणेच्या तारखेपासून ४५ दिवसांत. ४६ व्या दिवशी कितीही भक्कम पुरावा नेला तरी उपयोग नाही. एप्रिल २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं आणखी एक खिडकी उघडली आहे. दुसऱ्या आणि तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला निकालानंतर ७ दिवसांत लेखी मागणी करून, खर्च भरून, ५ टक्के यंत्रांची तपासणी करून घेता येते. तपासणीची मागणी केली म्हणून जिंकलेल्याचं प्रमाणपत्र मात्र अडत नाही.

पोरा, तुला वकिली करायची आहे म्हणून सांगतो. अशी याचिका चालवायला घेतलीस तर आधी फॉर्म २० ची प्रत मिळव. लोक भाषणांच्या व्हिडिओ घेऊन येतात, फॉर्म २० कुणी बघत नाही.

प्रश्न : अंधेरी पूर्वच्या २०२२ च्या पोटनिवडणुकीत ‘नोटा’ दुसरी आली. पहिली आली असती तर प्रमाणपत्र कुणाला दिलं असतं? (अंधेरी, मुंबई)

उत्तर : ऋतुजा लटके यांनाच, कारण उमेदवारांत त्या पहिल्या असत्या. खरा आकडा असा. ऋतुजा लटके ६६,५३०, नोटा १२,८०६, आणि बाकी सहाही उमेदवार नोटाच्या मागे. भाजपच्या मुरजी पटेल यांनी अर्ज मागे घेतल्यामुळे लढत अशी विचित्र झाली होती. नोटा उमेदवार नाही, तिची अनामत भरलेली नसते, तिच्या नावानं फॉर्म २२ निघत नाही. अनामत वाचवायला लागणाऱ्या एक षष्ठांश मतांच्या हिशेबातही ती वैध मत म्हणून धरत नाहीत.

पण तुम्ही मुंबईचे आहात, तेव्हा महापालिकेचं वेगळं आहे हे लक्षात ठेवा. तिथे राज्य निवडणूक आयोगाचं राज्य. त्यांनी २०१८ मध्ये आदेश काढला की स्थानिक स्वराज्य संस्थांत नोटाला सर्वाधिक मतं पडली तर तिथे फेरनिवडणूक घ्यायची. एकाच मतदाराचं एकच बोट, विधानसभेला त्याला एक किंमत आणि वॉर्डात दुसरी. मला हे कधी पटलेलं नाही. विचारायला मात्र कुणाकडे जायचं, ते कळत नाही.

प्रश्न : आमच्या अकोला पश्चिमला २०२४ मध्ये पोटनिवडणूक जाहीर झाली आणि न्यायालयानं रद्द केली. पुण्यात लोकसभेची जागा रिकामी राहिली तर न्यायालय म्हणालं, निवडणूक घ्या. एकाच राज्यात दोन न्याय? (अकोला)

उत्तर : रागावलात, पण प्रश्न चांगला आहे.

त्याच लोकप्रतिनिधित्व अधिनियमाच्या कलम १५१-अ ला दोन तोंडं आहेत. एक म्हणतं, जागा रिकामी झाल्यापासून ६ महिन्यांत पोटनिवडणूक घ्या. दुसरं म्हणतं, उरलेली मुदत वर्षापेक्षा कमी असेल, किंवा एवढ्यात निवडणूक घेणं अवघड आहे असं आयोग केंद्र सरकारशी बोलून प्रमाणित करत असेल, तर नको.

पुण्यात गिरीश बापट यांचं निधन २९ मार्च २०२३ ला झालं. लोकसभेची मुदत जून २०२४ पर्यंत, म्हणजे वर्षापेक्षा जास्त शिल्लक. आयोगानं सांगितलं की यंत्रणा सार्वत्रिक निवडणुकीच्या तयारीत आहे आणि निवडून येणाऱ्याला फारसा काळ मिळणार नाही. डिसेंबर २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं ते नाकारलं आणि तातडीनं निवडणूक घ्यायला सांगितलं. मतदारांना प्रतिनिधीवाचून ठेवता येत नाही, असा त्याचा आशय. जानेवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्याला स्थगिती दिली आणि पुणं सार्वत्रिक निवडणुकीपर्यंत खासदारावाचूनच राहिलं.

तुमच्याकडे आमदार गोवर्धन शर्मा ३ नोव्हेंबर २०२३ ला वारले. तारखेनं मोजलं तर विधानसभेची मुदत संपायला वर्षाहून काही दिवस जास्त होते. आयोगानं लोकसभेबरोबरच २६ एप्रिल २०२४ चं मतदान ठेवलं आणि मोजणी ४ जूनला. नागपूर खंडपीठानं बघितलं की निवडून येणाऱ्याच्या हातात मुदत किती उरते. सहा महिनेसुद्धा नाहीत. म्हणून २६ मार्चला त्यांनी अधिसूचना रद्द केली. मोजायला सुरुवात कुठून करायची, जागा रिकामी झाल्याच्या दिवसापासून की निकालाच्या, यावर सगळं फिरतं. कायद्याचं वाक्य छोटं आहे आणि त्यातली ‘उरलेली मुदत’ कुठून सुरू होते ते त्यात धड सांगितलेलं नाही.

माझं मत विचारलंत तर सहा महिन्यांसाठी ३००-३५० केंद्रं उभारणं, शिक्षकांना पुन्हा ड्युटीला जुंपणं मला नको वाटायचं. पण पुण्यातल्या माणसाला सव्वा वर्ष खासदार नसणं, हे त्याहून नको.

प्रश्न : मनोहर पर्रीकर २०१७ मध्ये आधी मुख्यमंत्री झाले आणि मग आमदार. मग पणजीच्या पोटनिवडणुकीचं प्रमाणपत्र म्हणजे नुसता उपचार होता का? (फोंडा, गोवा)

उत्तर : उलट त्यांच्यासाठी त्या कागदाला सगळ्यात जास्त किंमत होती. अनुच्छेद १६४(४) प्रमाणे सदस्य नसलेला माणूस मंत्री किंवा मुख्यमंत्री ६ महिनेच राहू शकतो. पर्रीकरांनी १४ मार्च २०१७ ला शपथ घेतली, म्हणजे घड्याळ १४ सप्टेंबरकडे धावत होतं. सिद्धार्थ कुंकळयेकर यांनी पणजीची जागा मोकळी करून दिली, २३ ऑगस्टला मतदान झालं आणि २८ ऑगस्टला पर्रीकर ४,८०३ मतांनी जिंकले.  हातात जेमतेम दोन आठवडे उरले होते.

आणि इथे राजपत्राची तारीख कामाला येते, जी मी वर थोडी बाजूला सारली. पर्रीकर तेव्हा राज्यसभेचेही सदस्य होते. संसद आणि विधानसभा, दोन्हीकडे एकाच वेळी बसता येत नाही. निवड राजपत्रात छापल्यापासून १४ दिवसांत विधानसभेची जागा सोडली नाही तर संसदेतली जागा आपोआप रिकामी होते. त्यांनी तितकं थांबू न देता राज्यसभेचाच राजीनामा दिला.

आमच्याकडे उद्धव ठाकरे यांचंही असंच झालं होतं, फक्त पोटनिवडणूक नव्हे, विधान परिषदेची द्वैवार्षिक. २८ नोव्हेंबर २०१९ ला मुख्यमंत्री, १४ मे २०२० ला बिनविरोध, १८ मे ला सदस्यत्वाची शपथ. मुदत संपायला दहाएक दिवस होते. बिनविरोधात मोजणी नाही, हॉल नाही, हलगी नाही. माघारीची वेळ टळली की अधिकारी घोषणेवर सही करतो आणि माणूस आमदार. आमच्या शाखेला बिनविरोध म्हणजे दिवाळी.

प्रश्न : मी आठवीत आहे. बाबा म्हणतात, आमच्या आमदारांच्या वेळी मिरवणूकच निघाली नाही. खरं आहे का? आणि प्रमाणपत्रावर तुमची सही असायची का? (मंगळवेढा)

उत्तर : बाबा बरोबर सांगतात. भारत भालके यांच्या निधनानंतर पंढरपूर-मंगळवेढ्याला पोटनिवडणूक झाली, १७ एप्रिल २०२१ ला मतदान आणि २ मे ला मोजणी. समाधान आवताडे ३,७३३ मतांनी जिंकले. करोनाची दुसरी लाट ऐन भरात होती. आयोगानं विजयी मिरवणुका बंद केल्या होत्या आणि प्रमाणपत्र घ्यायला येताना विजयी उमेदवाराबरोबर दोनच माणसं चालतील असं बजावलं होतं. उमेदवाराला यायचं नसेल तर त्यानं अधिकृत केलेला प्रतिनिधीही कागद घेऊन जाऊ शकत होता. गुलाल नाही, हलगी नाही, खांद्यावर उचलणारं कुणी नाही. त्या दिवशी पोहोचेवरची सही स्वच्छ झाली असणार. मी तोवर निवृत्त झालो होतो, घरी बसून टीव्हीवर पाहत होतो आणि खरं सांगतो, मला थोडी हळहळ वाटली.

आता तुझा दुसरा प्रश्न. नाही, प्रमाणपत्रावर माझी सही कधीच नव्हती. ती निवडणूक निर्णय अधिकाऱ्याची. नाव, पक्ष आणि तारीख या रिकाम्या जागा मी भरायचो, शिक्का मी मारायचो. माझी सही आहे ती जावक रजिस्टरमध्ये, पोहोच मुंबईला पाठवल्याच्या नोंदीपुढे. त्या पोटनिवडणुकीच्या पानावर माझ्या बोटांचा गुलाबी ठसाही आहे. रजिस्टर अजून जपून ठेवलं असलं तर.